न पडणारा मोजा

टप आधी, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग, जिथं रस्त्याची घाण येऊन चिकटते. हात गोल गोल फिरवायचा नाही, सरळ ओढायचा, एकाच दिशेनं, दाबायचं तर मुळीच नाही, साबणाला त्याचं काम करू द्यायचं आणि आपण फक्त

पडला.

थोरलीनं वाकून स्पंज उचलला. बादलीत नाही टाकला. भिंतीलगतच्या कठड्यावर ठेवला, तिथं आधीच रांगेत बसलेल्यांच्या शेजारी, आणि पिशवीतून नवा काढून वडिलांच्या मुठीत कोंबला.

मूठ म्हणजे अक्षरशः मूठ. अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून आप्पांच्या उजव्या हाताची बोटं आत वळून बसलेली. थोरलीला ती एकेक करून उकलावी लागत, करंगळीपासून, आणि मध्ये स्पंज सरकवला की ती पुन्हा मिटत. मिटत खरी, पण धरत नसत. मिटणं वेगळं आणि धरणं वेगळं, हे त्या घराला आता चांगलंच कळून चुकलं होतं.

"हं, चला," ती म्हणाली.

"चला काय चला? मी थांबलोय कुठं?"

जीभ अजून जराशी जड होती आप्पांची, पण टोमणा मारताना ती कधी अडायची नाही.

डावा हात गाडीच्या टपाला धरलेला. तो सोडला तर आप्पा उभे राहू शकत नव्हते, म्हणून धुवायचं काम उजव्याकडे. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तसं बजावूनच सांगितलं होतं: दुखऱ्या हाताला काम द्या, आवडीचं द्या, रोज द्या. आणि जन्मभर साहेबलोकांच्या गाड्या चालवलेल्या माणसाच्या आवडीचं काम कोणतं, हे काही कुणी पंचांगात बघायला गेलं नाही. दारासमोर, फरशी घातलेल्या चौकोनात, त्यांची स्वतःची एकुलती एक गाडी उभी होती. गडद निळी, निवृत्त झाल्यावर जुन्यातली घेतलेली. आता ती कुठंच जात नव्हती. पण तिचा रंग असा होता, की वरच्या मजल्यावरच्या काकू येता-जाता तिच्यात बघून केस नीट करायच्या. जुन्या गाडीचा रंग असा कसा राहिला, असं कुणी विचारलं तर आप्पा एकच कारण सांगत. त्यांचा आयुष्यभराचा नियम होता, की एकदा का स्पंज जमिनीवर

पडला.

जमिनीवर पडलेला स्पंज परत गाडीला लावायचा नाही. झालं, एवढाच नियम. वाळूचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण तो स्पंजाच्या अंगात शिरून बसतो, आणि मग आपण गाडी धूत नसतो, पॉलिश पेपरनं घासत असतो. नळाखाली धरा, पिळा, झटका, काही करा, भरवसा नाही. पडला तो गाडीला मुकला. धडधाकट होते तेव्हा आप्पांचा एक स्पंज वर्ष वर्ष चालायचा. आता एका सकाळीत पिशवी रिकामी होई.

थोरली इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. रात्रभर चादरी यंत्रात घालायच्या, काढायच्या, घड्या घालायच्या. सकाळी घरी यावं, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवलेली नसावी, तर आप्पा पायरीवर तयार. पायांच्या मध्ये बादली. मग गाडी, मग आप्पांची आंघोळ, मग स्वयंपाक, आणि ती अंथरुणाला पाठ लावायची तेव्हा वरच्या काकूंची मिक्सर-टीव्हीची जुगलबंदी सुरू झालेली असायची. झोप लागायची ती तुकड्या-तुकड्यांत. तिला वाकण्याचं काही वाटत नव्हतं. तिला उभं राहणं नको झालं होतं. उभ्या उभ्या डोळे मिटायचे आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे चादरी यायच्या, घडीच्या, बिनघडीच्या, गरम गरम, एकावर एक, आणि ती त्या ढिगावर हळूच, कुणाला न सांगता, आडवी

पडला.

"झोपलीस का गं?"

"नाही."

"मग उचल की."


•


पडलेल्यांचं पुढं काय?

ते घरभर झाले. आधी त्यांची बदली टायरांवर झाली, पण टायर तरी किती धुवायचे. मग न्हाणीघर. मग ओटा. डगमगत्या टेबलाच्या पायाखाली एक. आप्पा कोपर टेकवून बसतात तिथं एक. थोरलीच्या कामावरच्या बुटांत, टाचांखाली, कापून अर्धा अर्धा. कपाटाचं दार उघडावं तर वरून एखादा डोक्यात यायचा, मऊ, निरुपद्रवी, आणि म्हणूनच जास्त संतापजनक.

धाकट्याचा, म्हणजे तिच्या भावाचा, दूरच्या शहरातून फोन यायचा.

"तायडे, मशीनवर धुऊन आण ना गाडी. इकडून आत घालायची, तिकडून चकाचक बाहेर."

"मशीनमध्ये घातल्यानं आप्पांचा हात सुधारतो का?"

"मग एखादं जुनं फडकं दे हातात. नियम काय धरून बसलीस?"

"तू ये आणि सांग त्यांना."

"इकडे सध्या कामाचा फार रेटा आहे गं."

"असणारच. आम्ही इकडे पाय पसरून बसलोय."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं नाही, जांभई आली. हल्ली तिला रडू यायच्या ठिकाणी जांभईच यायची.

मोजा सुचला तो धुलाईखान्यात. वॉर्डातून आलेल्या गाठोड्यात तिला एक जाडजूड पिशवीसारखं काहीतरी सापडलं, मनगटापाशी आवळायचा बंद असलेलं. नळ्या उपसणाऱ्या पेशंटच्या हातात घालतात ते. तिनं सहज स्वतःचा हात आत घातला, बंद आवळला, हात खाली सोडून झटकला. निघालं नाही. पुन्हा झटकला. छे.

जो हात वस्तू धरू शकत नाही, त्याला वस्तूनंच धरावं. इतकं साधं. गाडी धुवायचे हातमोजे मिळतात, हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं. मोजा पडणार नाही, उचलायला कुणी लागणार नाही, कुणी लागणार नाही म्हणजे तिनं तिथं उभं राहायला नको. आप्पा बाहेर गाडी धुतील आणि ती आत जाऊन झोपेल. एक तास. सलग. काकूंचा मिक्सर सुरू व्हायच्या आत.

खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात आप्पांचा हात नंतर आला. आधी झोप आली.


•


माप घ्यायला तिनं चादरीची एक चिंधी आणली. आप्पा दुपारी डोळा लागून पडले होते तेव्हा त्यांच्या मुठीच्या सगळ्यात रुंद भागाभोवती ती गुंडाळली, गाठ मारली, आणि बांगडी काढावी तशी अलगद सरकवून काढली. ते कडं पर्समध्ये घालून ती दुकानात गेली.

गाड्यांच्या सामानाचं दुकान. वर टांगलेली मॅट, खाली डबे, मध्ये अत्तरासारखा आणि रबरासारखा मिळून एक वास. दुकानदाराला सगळे चकचक म्हणत, कारण त्याचं कुठलंही वाक्य शेवटी त्याच शब्दावर येऊन थांबायचं.

"या ताई. स्पंज ना? आज किती?"

"आज स्पंज नको. हातात घालायचा मोजा दाखवा. गाडी धुवायचा."

"अरे वा! बढती!" त्यानं काउंटरवर एकेक आणून टाकायला सुरुवात केली. "हा बघा, लोकरीचा. एकदम मऊ. कण असेल तो केसांत वर ओढून घेतो, रंगाला लागू देत नाही. स्पंजाचं कसं आहे, त्याचा चेहरा सपाट, कण जाणार कुठं? तिथंच बसतो आणि ओरखडे काढतो. ह्यानं धुतली की गाडी नुसती चकचक."

थोरलीनं मोज्यात मूठ घातली. अर्ध्यात अडकली.

"ताई, मूठ नाही, हात घाला. पंजा. हा असा."

"मूठच घालायची आहे."

"मूठ करून कोण गाडी धुतं?"

"आमच्याकडे धुतात."

मग काही न विचारता चकचकनं मागच्या फळीवरून आणखी काढले. विचारलं नाही, म्हणून थोरलीला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बरा वाटला.

अंगठा असलेला मोजा बाद. अंगठा बोटांच्या आत दडलेला असताना त्याच्यासाठी वेगळी खोली काय कामाची? एका बाजूला जाळी असलेला बाद. हात वळला आणि जाळी रंगावर आली तर बोंब. लोकरीचा दुसरा, मोठा, तोंड रुंद, पण मनगटाला काही नाही, नुसतंच सैल. तो तर स्पंजाच्याही आधी पडेल. एकाचं तोंड चिंधीच्या कड्यापेक्षा लहान. एकाचं एवढं मोठं, की चकचकच म्हणाला, "हा डोक्यात घाला, थंडीत कामी येईल." ती हसली. हसता हसता काउंटरला रेलली, आणि रेलल्यावर तिला जाणवलं, की काउंटरची काच किती गार आहे आणि कपाळ टेकलं तर किती

"ताई?"

"हं. जागी आहे."

"बसा जरा. स्टूल देऊ?"

"नको. बसले तर उठणार नाही. तो कोणता?"

तो हिरवा होता. मायक्रोफायबरचा, अंगभर बोटाएवढे गुबगुबीत झुबके. दोन्ही बाजू सारख्या. अंगठा नाही. तोंडाला रुंद इलॅस्टिक. तिनं ते ताणून त्यात चिंधीचं कडं बसवलं. बसलं. तिनं मूठ घातली, हात खाली सोडला, झटकला. दुकानात इकडून तिकडे चालली, हात हलवत. काउंटरपाशी दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, ते तिच्याकडे बघून मागे सरकलं.

"पडत नाही ना?" तिनं चकचकला विचारलं.

"पडायचा प्रश्नच नाही. फक्त मधून मधून बादलीत चांगला खळबळायचा, म्हणजे कण निघून जातात. कोणासाठी आहे?"

"वडलांसाठी," ती म्हणाली. आणि बाहेर पडल्यावर स्वतःशीच पुटपुटली, हो, वडलांसाठी.


•


"हे काय? अळ्या?"

"अळ्या नाहीत. मोजा आहे. घाला."

"आंघोळीला घालतात असलं. मी काय गाडीला उटणं लावू?"

"आप्पा, एक दिवस घालून बघा. नाही आवडलं तर टायरला आहेच."

"टायरला तरी असल्या अळ्या..." पण हात त्यांनी पुढं केला. हिरवा मोजा मुठीवर चढला, इलॅस्टिक मनगटावर बसलं. आप्पांनी हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघितला. सामन्याआधी बॉक्सर आपला हातमोजा बघतो तसा. थोरलीनं बादली उचलून स्टुलावर ठेवली, म्हणजे वाकायला नको, आणि

आणि मोजा पडला नाही, टपावर पडला नाही, काचेवर पडला नाही, आप्पा बादलीत मूठ बुडवत, वर काढत, ओढत, पुन्हा बुडवत, आणि ती पाच-दहा मिनिटं उगाच उभी राहिली, हात पुढं करून, सवयीनं, पडेल पडेल म्हणून, तो पडेना, मग ती म्हणाली मी जरा आत जाऊ का, तर आप्पा म्हणाले जा की, तुला कुणी बांधून ठेवलंय, आणि ती आत आली, चपला कुठं काढल्या ते तिला नंतर आठवेना, पलंगावर पडली आणि उशी गालाला लागली तेव्हा खिडकीतून आवाज येत होता, खस्स, खस्स, मध्ये पाण्याचा डुबुक, पुन्हा खस्स, मध्ये कुठंही खंड नाही, कुणी हाक मारत नाही, कुणी उचल म्हणत नाही, आणि तिला वाटलं हे असं आधी का नाही सुचलं, इतके दिवस आपण खुळ्यासारखे वाकत बसलो, उद्यापण असंच, परवापण असंच, खस्स, आता धाकट्याला फोन करून सांगायला हवं, नको, त्याला कशाला, खस्स, खस्स, चादरी आल्या, गरम होत्या, ढीग होता, ती त्यावर आडवी झाली आणि कुणीही तिला उठवलं नाही.


•


"अगं ए! अगं आप्पा खाली बसलेत! फरशीवर! ऐकतेस का गं?"

वरच्या काकू बाल्कनीतून ओरडत होत्या. किती वेळ ओरडत होत्या कोण जाणे.

थोरली अनवाणी धावली.

आप्पा गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसले होते. तोंड पांढरंफटक, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, श्वास छातीत मावत नव्हता. मोजा मुठीवरच. आणि ती मूठ अजून थोडी थोडी हलत होती, मांडीवर, पुढं-मागं, पुढं-मागं.

तिनं आधी तो मोजा ओढून काढला, भिरकावला, मग पाणी आणलं, मग त्यांच्याजवळ फरशीवर बसली. काकूंनी वरून विचारलं, डॉक्टरांना बोलावू का? आप्पांनी डावा हात हलवून नको म्हणून सांगितलं. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. तोवर ती त्यांचं मनगट धरून होती आणि तिला नाडी मोजता येत नव्हती, नुसतीच लागत होती.

मग ती भडकली.

"थांबायचं नाही का, आप्पा?"

"कधी?"

"कधी म्हणजे? दमलात की!"

"पडला नाही ना."

"कोण पडलं नाही?"

"अगं, तो." त्यांनी हनुवटीनं फरशीवरच्या हिरव्या गोळ्याकडे दाखवलं. "स्पंज पडायचा. तू वाकायचीस, उचलायचीस, कठड्यावर ठेवायचीस, पिशवी उघडायचीस, माझी बोटं उकलायचीस. तेवढ्यात माझा दम खाऊन व्हायचा. ह्याला पडताच येत नाही. मग थांबायचं कुठं, तेच कळेना. टप झाला, काचा झाल्या, दारं झाली. परत टपावर गेलो."

"आपण होऊन थांबता येत नाही माणसाला?"

आप्पांनी त्यावर खरोखर विचार केला.

"नाही आलं," ते म्हणाले. "आयुष्यभर मागनं कुणीतरी म्हणायचं, इथं थांब. मग मी थांबायचो."

थोरलीनं डोकं गुडघ्यांवर टेकलं. गाडी तिच्या पाठीशी ठिबकत होती. दोनदा धुतलेली, कदाचित तीनदा, एखाद्या आरशासारखी स्वच्छ आणि कुठंही न जाणारी.

"मी झोपायला गेले होते," ती गुडघ्यांतूनच म्हणाली. "मोजा त्यासाठीच आणला. हातासाठी नाही. मला झोपायचं होतं."

"मग सांगायचं."

"कसं सांगू? मी येते तेव्हा तुम्ही बादली घेऊन बसलेले असता. बापाला एवढी हौस, आणि मी म्हणू, नको?"

"मला हौस?" आप्पांचा आवाज चढला, आणि चढल्यामुळे त्यांना खोकला आला. "बाई गं, मला सकाळी उठून पायरीपर्यंत येताना आई आठवते. तू रात्रभर राबून येणार, डोळे खोल गेलेले, आणि मी खाटेवर लोळत पडलेलो दिसलो तर तुला काय वाटेल? म्हणून बसतो बादली घेऊन. तू लगेच पिशवी उघडतेस. मला वाटलं, पोरीला हौस आहे."

"मला हौस?"

"मग रोज उठून डझनभर स्पंज कोण आणतं?"

वर काकू अजून कठड्याला रेलून उभ्या होत्या. "काय झालं? बरं आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"बरं आहे," थोरली म्हणाली. आणि तिला जांभई आली, इतकी मोठी, की कानात कडकड वाजलं.


•


व्यायामाच्या बाई म्हणाल्या, काम बंद करू नका. बंद केलंत तर हात होता तिथंच परत जाईल. फक्त झेपेल तेवढंच.

आता झेपेल तेवढंच म्हणजे किती, हे ठरवायला बाप-लेक पायरीवर बसले. मोजा दोरीवर वाळत होता.

"मोजा नको," आप्पा म्हणाले. "चांगला आहे, नाही कोण म्हणतं? माझ्या स्पंजापेक्षा चांगला. आपण होऊन थांबता येतं अशा कुणाला दे."

"स्पंज चालेल. पण मी पिशवी उघडणार नाही. एकच स्पंज. पहिल्यांदा पडला की त्या दिवसाचं काम संपलं."

"एकात काय होणार? अर्धं दार."

"मग अर्धं दार."

"अर्धं दार धुतलेली गाडी कोण ठेवतं?"

"आपण ठेवतो."

"वरच्या काकू काय म्हणतील?"

"दुसऱ्या अर्ध्यात केस बघतील."

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मान्य केलं. मग तसंच सुरू झालं. सकाळी थोरली यायची, आप्पा धुवायला लागायचे, ती चौकटीला टेकून उभी राहायची, आणि स्पंज पडला की दोघं आत. कधी अर्धं दार, कधी नुसता आरसा. एकदा तर पहिल्याच फटक्यात पडला, तेव्हा आप्पा खजील झाले आणि थोरली इतकी खूश झाली, की तिनं तोंड फिरवून घेतलं. गाडी ठिगळ लावल्यासारखी दिसायला लागली. एक तुकडा लखलखीत, शेजारी धूळ.

काकूंच्या मिक्सरच्या आधी तिला झोप मिळायला लागली. तासभर कधी, कधी त्याहून कमी. तेवढ्यानं इतक्या दिवसांचा शीण जाणार नव्हता. पण डोळ्यांमागे जी वाळू भरल्यासारखी वाटायची, ती थोडी कमी झाली.

आणि मग एका सकाळी स्पंज पडेना.

मागच्या दाराची बारी होती. दार उघडं टाकलं होतं, आतली कड धुवायला, आणि थोरली उभं राहवेना म्हणून मागच्या सीटवर आडवी बसली होती, पाय बाहेर फरशीवर. धुलाईखान्यात त्या रात्री एक यंत्र बंद पडलं होतं. ओल्या चादरी हातानं पिळाव्या लागल्या होत्या. दंडांत जीव नव्हता. ती आप्पांच्या मुठीकडे बघत होती आणि मूठ दारावरून खाली येत होती, वर जात होती, बादलीत बुडत होती, बाहेर येत होती. स्पंज तिच्यातच. दाराचा वरचा भाग झाला. खालचा झाला. कड झाली.

हात धरायला लागला होता. आज, सगळे दिवस सोडून आजच.

तिला आनंद व्हायला हवा होता. ती मनातल्या मनात म्हणत होती, पड. अरे पड ना. एकदाचा पड.

आप्पा मागच्या मडगार्डवर सरकले. डावा हात टपाच्या कडेनं, उजवा साबणाच्या फेसात. तेही दमले होते. ते एका पायावर भार टाकून उभे राहत तेव्हा समजावं. पण स्पंज हातात होता आणि काम ठरल्याप्रमाणे चालू होतं. त्यांनी एकदा वळून तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. तिनं चेहरा सावरायचा प्रयत्न केला, पण तेवढंही त्राण नव्हतं.

आप्पांनी हात अंगापासून लांब धरला. मुठीकडे टक लावून बघत राहिले, दात आवळून, मानेच्या शिरा ताठ. थोरलीला वाटलं, कळ आली. मग अंगठा थरथरला. तर्जनी एवढीशी वर झाली, मग मधलं बोट, आणि त्या फटीतून स्पंज सरकला, घसरला आणि फरशीवर गेला.

"पडला," आप्पा म्हणाले. घाम कपाळावरून नाकावर आला होता.

थोरलीनं ते बघितलं. बोटं आपण होऊन उघडली होती. कुणीही उकलली नव्हती. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिला कळत होतं. बाईंना सांगायला हवं, धाकट्याला सांगायला हवं, उठून त्यांचा हात हातात घ्यायला हवा, असं एकामागून एक तिच्या मनात आलं, आणि त्यातलं काहीही न करता तिनं पाय उचलून आत घेतले आणि सीटवर कलंडली.

"आत जाऊन झोप की पलंगावर."

"पलंग लांब आहे."

आप्पांनी तिचं दार कमरेनं लोटून लावलं आणि गाडीला धरून धरून ते पुढं आले. पुढचं दार उघडल्याचं तिला ऐकू आलं, सीट करकरली, आणि ते स्टीअरिंगच्या मागे बसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता, मग हळू झाला.

"कुठं घेऊ?" त्यांनी विचारलं.

"कुठं नको," ती म्हणाली. "इथंच थांबा."

ऊन भिंतीवरून खाली उतरत मागच्या मडगार्डपर्यंत आलं. काकूंचा मिक्सर लागला. थोरलीनं एक डोळा उघडला तेव्हा दिसलं, की दाराच्या काचेवरचा फेस बसला आहे आणि कडेनं पांढरा व्हायला लागला आहे.

"आप्पा. साबण वाळतोय."

"हं."

"डाग राहतील. लगेच पाणी मारायला हवं."

पुढून घोरण्याचा आवाज आला. ती कोपरावर उठली. दाराच्या कडीपर्यंत हात नेला. मग हात तिथंच राहिला, कडीवर, थोडा वेळ, आणि ती डोकं परत सीटवर टेकवून झोपली.